आधी खिडकी कुठली ते सांगा

पावसाळ्यात कॉलेजं सुरू झाली की पहिल्या वर्षाच्या मुलांचं स्वागत होतं. यूजीसीने या उपक्रमाला ‘दीक्षारंभ’ असं छान नाव दिलं आहे. व्यासपीठावर दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं आणि मग पाहुणे मुलांना सांगतात की मोठी स्वप्नं बघा, मोबाईल बाजूला ठेवा, आईवडिलांच्या कष्टांची जाण ठेवा. कॉलेजात शिकवणारी एक प्राध्यापिका म्हणून मी त्या सभागृहात बसलेली असते. माझी तक्रार अशी की एवढ्या वेळात ऑफिसची कोणती खिडकी कशासाठी आहे, हे त्या मुलांना एकही माणूस सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी हीच मुलं सूचना फलकापाशी घोळका करून उभी असतात. फलकाला काच आहे, काचेवर ऊन पडलेलं आहे. आतल्या कागदावर ‘ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी यांची निवड तातडीने करावी’ एवढंच लिहिलेलं असतं. संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि ही अक्षरं आली. ओई म्हणजे खुला ऐच्छिक विषय, तो आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास, आणि एका सत्राला असे 20 ते 22 श्रेयांक लागतात. हे फळ्यावर लिहायला किती वेळ लागतो? पण ते लिहिलं जात नाही. मग मुलं शेजारच्याने जे घेतलं तेच घेतात, आणि बिचाऱ्या शेजाऱ्यालाही काही माहीत नसतं.

शिष्यवृत्तीचं प्रकरण मला सगळ्यात जास्त सलतं. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, कागद जोडायचे, इथवर मुलं कशीबशी पोचतात. पैसे मात्र अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातील असं ती धरून चालतात. तसं होत नाही. ते आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यावर जातात, आणि ही जोडणी एका वेळी एकाच बँकेशी असते. बँकेत केवायसी झाली म्हणजे ही जोडणी झाली असंही नाही. त्यासाठी वेगळी संमती द्यावी लागते. माझ्या वर्गातली एक मुलगी कितीतरी दिवस कॉलेज आणि बँक अशा फेऱ्या मारत होती. तिचं आधार शाळेत असताना गावच्या बँकेत काढलेल्या खात्याशी जोडलेलं होतं, आणि ते खातं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं. बँक म्हणायची कॉलेजात विचार, कॉलेज म्हणायचं बँकेत विचार. तिला एसटीने यावं लागायचं, आणि प्रत्येक फेरीला एक दिवस बुडायचा. बहुतेक ठिकाणी 75 टक्के हजेरीची अट आहे, पण खिडकीपुढे रांगेत उभं राहिल्याची हजेरी कोणी मांडत नाही.

आणि गोंद. अर्जावर फोटो चिकटवायचा असतो, पिन मारलेली चालत नाही, आणि खिडकीवर गोंद नसतो. पेनही नसतो. मुलं फाटकाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातात, परत येतात तोवर जेवणाची सुट्टी होते. लाखो रुपयांच्या इमारतीत एक गोंदाची बाटली सुतळीने बांधून ठेवता येत नाही, याचं मला खरोखर दुःख होतं.

मूळ गुणपत्रिकेचंही तसंच, ती परत मिळायला हवी हे मुलांना कोणी सांगत नाही. यूजीसीच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार संस्थेने मूळ कागद तपासून परत द्यायचे असतात, स्वतः साक्षांकित केलेली प्रत ठेवून घ्यायची असते. त्याच अधिसूचनेत फीच्या परताव्याचे नियमही आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान 15 दिवस आधी प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते. फार तर 5 टक्के प्रक्रिया शुल्क कापता येतं, आणि तेही 5000 रुपयांच्या वर नाही. शेवटची तारीख उलटून 30 दिवस झाले की मात्र काहीच मिळत नाही. अलीकडे काही वर्षी यूजीसीने याहून सवलतीच्या तारखा दिल्या, म्हणून त्या त्या वर्षीचं पत्रक पाहावं. दुसरीकडे नंबर लागलेल्या मुलाला हे आज कळणं आणि महिन्याने कळणं यात त्याच्या बापाची महिन्याची कमाई जाऊ शकते.

रॅगिंगविरोधी हमीपत्र मुलाकडून आणि पालकांकडून भरून घेतात, कारण 2009 च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. 1800-180-5522 हा मदतीचा क्रमांक मात्र किती मुलांच्या फोनमध्ये असतो, हे कोणी विचारत नाही.

प्राचार्यांना माझी विनंती आहे की पाहुण्यांना जरूर बोलवा, पण त्यांच्या आधी हेडक्लार्कना माईक द्या. बोनाफाईड कुठे मिळतं, ग्रंथालयाच्या बीटी कार्डाला किती फोटो लागतात, रेल्वेच्या आणि एसटीच्या पासचे अर्ज कधी देतात, परीक्षेचा अर्ज विलंब शुल्काशिवाय कोणत्या तारखेपर्यंत भरता येतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

आणि मुलांनो, या आठवड्यात बँकेत जाऊन तुमचं आधार नेमकं कुठल्या खात्याशी जोडलेलं आहे ते बघून या. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स आणि गोंदाची एक कांडी दप्तरात ठेवा. खिडकीवर ‘उद्या या’ म्हणाले तर उद्या काय काय घेऊन यायचं ते आजच विचारा आणि तिथेच उभं राहून वहीत लिहून घ्या.