डेलिगेट

भिशी चालवणारे आणि वारी न चुकवणारे चाकणच्या प्लँटमध्ये डिपार्टमेंटगणिक सापडतात. फिल्म फेस्टिव्हलवाला मात्र आमच्याकडे एकच, क्वालिटीत. त्याला सगळे ‘डेलिगेट’ म्हणतात, गेटवरचा सिक्युरिटीवालासुद्धा.

गणपती उठले की त्याची एक्सेल शीट उघडते. पहिला मान गोव्याच्या इफ्फीचा. 2004 पासून इफ्फी पणजीला असतो आणि 2005 पासून डेलिगेट तिकडे निघतोय. अडचण एवढीच, की इफ्फी बहुतेक वेळा 20 ते 28 नोव्हेंबर, म्हणजे ऐन मंथएंड. डिस्पॅचच्या धुमाळीत क्वालिटीवाल्यानं रजा मागणं म्हणजे भर मांडवात नवरदेवानं ‘जरा जाऊन येतो’ म्हणणं. साहेब अर्जाकडे बघतात, मग त्याच्याकडे, आणि विचारतात, “आजचं रिजेक्शन किती?” अर्ज त्यातच धरला जातो.

मग उरतो जानेवारीतला पिफ. तो पुण्यात, म्हणजे घरचाच, असं पुणेकराला वाटेल. आम्हा मोशीकरांना पुणे परगावच. ‘पुण्याला जाऊन येतो’ असं सांगून निघायचं आणि घरच्यांनी पाण्याची बाटली भरून द्यायची. डेलिगेटच्या शीटमध्ये सिनेमाची लांबी ‘सायकल टाइम’च्या रकान्यात असते, रांगेत उभं राहणं ‘लोडिंग’मध्ये. कंपनीची बस, नाशिक फाट्याला मेट्रो, सिव्हिल कोर्टाला गाडी बदल, डेक्कनला उतरून फिल्म अर्काइव्हपर्यंत पायपीट. सगळ्याला मिनिटं नेमून दिलेली. फक्त चाकणच्या तळेगाव चौकापुढे आकडा नाही. तिथे नुसतं ‘माउली’ लिहिलंय.

बेला टारच्या ‘सातान्तँगो’वर त्याची विशेष माया. हा सिनेमा सात तासांहून लांब आहे. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवण आणि चहा वजा केले की तेवढंच उरतं, हे त्यानं मला कँटीनमध्ये उसळीच्या वाटीवर चमचा वाजवत पटवलं. “आणि वर टार्गेट नाही,” म्हणाला.

एवढा आटापिटा कशाला, सगळं मोबाइलवर मिळतं, असं मी एकदा बोलून गेलो. त्यानं चमचा खाली ठेवला. “1937 साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या फेस्टिव्हलला गेला, गाजला. पिफमध्ये मराठी सिनेमाचं बक्षीसही त्याच नावानं देतात. देहू माझ्या घरापासून बाइकवर अर्धा तास. शेजारचे तुकोबा व्हेनिसला पोचले आणि मला डेक्कन गाठता येऊ नये?” यावर काय बोलणार! मी त्याच्या ताटात माझी जिलेबी ठेवली.

यंदा त्यानं डेक्कन गाठलं. शनिवारची रात्रपाळी करून, कंपनीतच तोंड धुऊन, थेट. पहिल्याच सिनेमात एक म्हातारा बर्फातून घोडा घेऊन निघाला, एवढं त्याला आठवतं. जाग आली तेव्हा पडद्यावर दुसराच देश होता.

सोमवारी पहिल्या शिफ्टला त्यानं पंचिंग मशीनला कार्ड लावलं. लाल दिवा. पुसून पुन्हा लावलं, पुन्हा लाल. मागे रांग थेट टपरीपर्यंत गेलेली, बसा येतच होत्या. गळ्यात पट्ट्या दोन होत्या, एक कंपनीची आणि एक फेस्टिव्हलची. सिक्युरिटीवाला खुर्चीतून उठला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “डेलिगेट, दुसरं लावा.”