परत सांग

आमच्या आप्पांना ऐकू कमी येई, पण तसं कबूल करणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. ‘सात माणसं येताहेत’ हा ट्रंककॉल त्यांनी ‘साठ माणसं’ असा ऐकला आणि तडक आचाऱ्याला विसार देऊन आले. आजीचं उलट. जरा खरखर झाली की तिचं ‘परत सांग’ सुरू. वर परीक्षाही घ्यायची : ‘आधी सांग, आपल्या गायीचं नाव काय?’ पलीकडून ‘कपिला’ नीट आलं, तरच पुढचं खरं.

पुढे मी रेडिओ-संदेशवहन शिकलो, तेव्हा पुस्तकात आजीच भेटली. शत्रूला सापडू नये म्हणून संदेश या फ्रिक्वेन्सीवरून त्या फ्रिक्वेन्सीवर उड्या मारत पाठवायचा. हेडी लमार ही सिनेनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी 1942 साली याचं पेटंट मिळवलं, पाणतीरासाठी. फ्रिक्वेन्सी 88, पियानोच्या पट्ट्याही तेवढ्याच! पण उडी पडते तिथे आधीच कोणी बोलत असेल, तर तेवढा तुकडा नासतो. तो कुठला, हे घेणाऱ्याने ओळखायचं कसं? एक युक्ती अशी, की दर उडीत दोघांना आधीच ठाऊक असलेली दोन-चार चिन्हं घालायची. ती बिघडून आली, तर त्या उडीतलं बाकीचंही संशयित. म्हणजे कपिलाच.

खरी गंमत पुढच्या हिशेबात आहे. रीड आणि सॉलोमन यांनी 1960 साली मांडलेल्या पद्धतीत 31 चिन्हांपैकी 15 मजकुराची नि 16 आधाराची ठेवली, तर चुकीची ऐकलेली 8 चिन्हं दुरुस्त होतात. पण ‘इथलं ऐकू आलं नाही’ म्हणून जागा रिकामी सोडली, तर तशा 16 जागा भरून निघतात. आप्पांची खात्री आजीच्या शंकेच्या दुप्पट महाग! आमच्याकडे हे गणित न शिकताच सगळ्यांना पटलं होतं. आठ दिवस न्याहारीला जिलेबी होती.

अर्थात शंकेलाही मर्यादा आहे. सतराव्या रिकाम्या जागेला ती पद्धत हात टेकते आणि अख्खं पाकीट पुन्हा मागवावं लागतं. माझा पहिला पगार सांगायला मी फोन केला, तेव्हा आजीने आकडा तीनदा वदवून घेतला. लाईन त्या दिवशी अगदी स्वच्छ होती. गायीचं नावसुद्धा तिने विचारलं नव्हतं.