घोडं कुठे पेंड खातं

मी बत्तीस वर्षं ब्रेकमध्ये काढली. पिंपरीच्या एका कारखान्यात आधी लायनर, मग डिस्क, मग पॅड, आणि शेवटची सहा वर्षं या तिन्हींबद्दल आलेल्या तक्रारी. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "गाड्यांच्या कारखान्यात म्हणजे नेमकं काय करता?" मी म्हटलं, "ब्रेक." ते जरा थांबले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "पुढेमागे इंजिनात घेतील ना?" जशी काही ब्रेक ही बालवाडी आणि इंजिन म्हणजे मॅट्रिक. माझे थोरले साडू इंजिनातले. सासुरवाडीच्या पंगतीत त्यांना आजही श्रीखंडाचा दुसरा आग्रह होतो. मला विचारतात, "पुरे ना?"

हे जुनं दुखणं उगाळायचं कारण म्हणजे माझा भाचा. पुण्याची निम्मी इंजिनिअर पोरं जातात तसा हाही स्टुटगार्टला गेला आणि दोन वर्षांत त्यानं गाडी घेतली. गाडीचा फोटो यायच्या आधी आकडा आला. "मामा, तीनशे घोडे!"

"बरं. आणि थांबतात का?"

"कोण?"

"घोडे रे."

त्यानं फोनवर जे हसू काढलं ते मी ओळखतो. साडूंचंच.

तसं पाहिलं तर अश्वशक्ती हे माप जन्मापासूनच विक्रेत्याच्या तोंडचं. जेम्स वॅटला आपली वाफेची यंत्रं खपवायची होती आणि गिऱ्हाइकाकडे घोडे होते. तेव्हा 'हे यंत्र तुमच्या इतक्या घोड्यांचं काम करील' असं सांगणं त्याला सोयीचं पडलं. अडीचशे वर्षं होत आली, गाडी विकणारा अजून तेच वाक्य बोलतो आणि घेणारा तेच वाक्य चारचौघांत सांगतो. 'माझी गाडी ताशी शंभरवरून किती मीटरांत उभी राहते' हे मिशीला पीळ देऊन सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मीच सांगत असतो, पण मला मिशी नाही.

गेल्या सप्टेंबरात मी आणि आमची ही जर्मनीला गेलो. तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, तुला नूरबुर्गरिंगला नेतो." हिनं शहाणपणानं गुडघ्याचं कारण सांगितलं. मी मात्र पहाटे पाचला बूट घालून तयार. क्रिकेटवाल्याला लॉर्ड्स तसं आम्हा गाडीवाल्यांना ते.

आयफेलच्या डोंगरात, जंगलातून वळत गेलेला हा ट्रॅक 1927 सालचा. त्यातला नॉर्डश्लायफे, म्हणजे उत्तरेकडचा फेरा, 20.8 किलोमीटरचा. सत्तरच्या वर वळणं आणि जवळजवळ तीनशे मीटरचा चढउतार. आपल्या एखाद्या घाटातून समोरून येणारे ट्रक आणि कणसं भाजणारे काढून टाकले तर जे उरेल, ते. गंमत म्हणजे तलावात बोटिंगला जावं तसं तिकीट काढून कोणीही आपली गाडी आत घालू शकतो. ओव्हरटेक फक्त डावीकडून, एवढं पाळायचं. गाड्यांच्या त्या गर्दीत शर्यतीच्या गाड्या होत्या, मागे बेबीसीट लावलेली स्टेशन वॅगन होती आणि आमचे तीनशे घोडे.

सरळ रस्त्यावर भाच्यानं पाय दाबला आणि माझं पोट सीटच्या पाठीला जाऊन चिकटलं. खोटं कशाला बोलू, मजा आली. इंजिनवाले अगदीच वाया गेलेले नाहीत. पण पुढे वळण होतं. वळण यायचंच. भाचा शेवटच्या क्षणापर्यंत दाबत राहिला, मग कचकन ब्रेक, तो लागलेला असतानाच स्टिअरिंग पिळलं, आणि गाडी 'मला काय त्याचं' अशा थाटात सरळच निघाली. त्यानं पाय काढला, तेव्हा कुठे नाक वळलं. पुढच्या वळणावर तोच प्रयोग. त्याच्या पुढच्यालाही.

गाडी रस्त्याला टेकलेली असते चार ठिकाणी, आणि तो प्रत्येक ठिपका साधारण तळहाताएवढा. त्या चार तळहातांची पकड म्हणजे नोकरदाराचा पगार. महिन्याला ठरलेला, वर काही नाही. तो ब्रेकवर उडवा, वळण्यावर उडवा, नाहीतर वेग वाढवण्यावर. भाच्यानं सगळा पगार एक तारखेला ब्रेकवर उडवला आणि दोन तारखेला वळायला गेला. मुरलेला ड्रायव्हर काय करतो? वळणाच्या आधी सरळीत जोर लावून वेग उतरवतो. मग जसजसं स्टिअरिंग वळवायचं तसतसा ब्रेकवरचा पाय हलका करत नेतो, जणू एका खात्यातून पैसे काढून दुसऱ्यात भरतोय. नाकावर वजन असतं तोवर पुढची चाकं ऐकतात. पाय झटकन काढला की वजन मागे जातं आणि पुढची चाकं लग्नात रुसलेल्या आत्यासारखी ऐकेनाशी होतात. वळणातून किती वेगानं जाता येईल, हे ठरतं टायरच्या पकडीवर आणि वळणाच्या त्रिज्येवर. त्या गणितात इंजिन येतच नाही. हे मी साडूंना दोनदा कागदावर करून दाखवलंय. दोन्ही वेळा त्यांनी कागदाच्या मागे किराण्याची यादी केली.

तर आरशात एक लाल ठिपका आला. बघता बघता मोठा झाला. पहिल्या पिढीतली माझदा एमएक्स-5, म्हणजे 1989 सालचं मॉडेल. इंजिन सोळाशे सीसीचं, घोडे 115च्या आसपास, वजन टनाच्या आत. डावीकडून ती अलगद पुढे गेली. भाच्यानं पुढच्या सरळीत तीनशे घोड्यांचा दम लावून तिला जवळजवळ गाठलं, आणि वळणात ती पुन्हा निसटली. मी तिचे मागचे लाल दिवे बघत होतो. माणसाची अक्कल त्या दिव्यांत दिसते. भाच्याच्या आधी ते लागायचे, एकदाच लागायचे, आणि ते विझायच्या आधी, घरातला दिवा फूं करून मालवावा तसा पाय झटकन न निघता, गाडीचं शेपूट हळूहळू खाली बसताना दिसायचं. वळणाच्या मध्यालाच तिच्या ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर गेलेला असायचा. वळणातून पाच किलोमीटर जास्त वेगानं बाहेर पडलात, तर ते पाच पुढची सगळी सरळ तुमच्या पदरात राहतात. तीन वळणांनंतर लाल ठिपका दिसेनासा झाला.

भाचा काही बोलला नाही. मीही बोललो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या फेरीच्या उत्तरार्धात आधी वास आला. तो वास मी झोपेतही ओळखीन, तापलेल्या पॅडचा. मग भाचा म्हणाला, "मामा, पेडल असं मऊ काय लागतंय?" मऊ म्हणजे दडपे पोह्यांवर पाय द्यावा इतकं मऊ. मी म्हटलं, "वेग उतरव, गिअरनं उतरव, कडेकडेनं चल." नशीब की ट्रॅक पुढे बराच सरळ होता.

आता हिशेब सांगतो, कारण अशी संधी मला बत्तीस वर्षांत कोणी दिली नाही. पंधराशे किलोची गाडी दोनशेवरून ऐंशीवर आणायची, तर त्या एका ब्रेकात सहाएक लिटर पाणी उकळायला लागेल एवढी उष्णता निघते. आमच्या सोसायटीत कोजागिरीला एवढं दूध तापायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात तीन भांडणं होतात. ब्रेक ते काम चारेक सेकंदांत करतात. भागाकार करून बघा, हवेचा अडथळा वजा जाता सहाशेच्या वर घोडे होतात. म्हणजे ज्या गाडीच्या इंजिनात तीनशे घोडे, तिच्या ब्रेकमध्ये सहाशे! आणि हे सहाशे घोडे कुठल्याही जाहिरातीत नसतात. ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं कोरं डॉट-4 ऑइल 230 अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी प्यायलेलं तेच ऑइल दीडशेच्या थोडं वरच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली की दबते. तुम्ही पाय दाबता ते बुडबुड्यांवर, चाकापर्यंत काही पोचतच नाही. घोडं पेंड खातं ते इथे.

गाडी बाहेर लावताना भाच्याचा हात हँडब्रेककडे गेला. मी इतक्या जोरानं "नको!" ओरडलो की शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं हेल्मेट काढून पाहिलं. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून ठेवायचे नसतात, नाहीतर एकाच जागी डिस्क भाजत राहते. गाडी गिअरमध्ये ठेवायची. तत्पूर्वी चार-पाच किलोमीटर सावकाश चालवून वारं खाऊ द्यायचं. डिस्कवर निळसर झाक आली होती. भाच्यानं ती वाकून पाहिली, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मामाच्या नोकरीत रस वाटला.

लाल माझदा तिथेच उभी होती. मालक सत्तरीचे, पोट सुटलेले, डब्यातून उकडलेली अंडी खात बसलेले. भाच्यानं दुभाषाचं काम केलं. इंजिनाला काय केलंय, या प्रश्नावर आजोबा म्हणाले, ऑइल बदललंय. पैसे कुठे घातले? टायर, पॅड, आणि शिकवणीची फी. मग त्यांनी चमच्यानं हवेत वळणं काढून दाखवली. वीस वर्षं येतात म्हणे, आणि अजून चारच वळणं मनासारखी जमलीत.

ट्रॅकच्या पहिल्या वळणाला आता साबीने श्मिट्झचं नाव आहे, हे त्यांनीच सांगितलं. ही बाई त्याच परिसरात हॉटेलवाल्यांच्या घरात वाढली, आणि तिथली चोवीस तासांची शर्यत तिनं 1996 आणि 1997 अशी लागोपाठ दोनदा जिंकली. बीबीसीच्या 'टॉप गिअर'मध्ये 2004 साली जेरेमी क्लार्कसननं डिझेल जॅग्वार तिथे जेमतेम दहा मिनिटांच्या आत आणली, 9:59. साबीनेनं तीच गाडी घेऊन 9:12 लावले आणि वर म्हणाली, तुझी वेळ तर मी टेम्पोनं काढीन. दुसऱ्या वर्षी तिनं खरोखरच फोर्डची ट्रान्झिट व्हॅन आणली. 10:08 लागले. नऊ सेकंदांनी हरली, पण सामान वाहायच्या व्हॅनमध्ये! ती 2021 मध्ये गेली. आजोबांनी तिचं नाव घेताना अंडं खाली ठेवलं.

इंजिनच श्रेष्ठ म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे याच ट्रॅकवरचा आणखी एक दाखला आहे. 1968 सालची जर्मन ग्रां प्री. पाऊस, त्यात धुकं, आणि जॅकी स्टुअर्टचं मनगट दुखावलेलं. तो चार मिनिटांहून जास्त फरकानं जिंकला. दुसरा आलेल्या ग्रॅहम हिलच्या गाडीतही तेच फोर्ड-कॉसवर्थ इंजिन होतं. डनलपच्या पावसाळी टायरांनी हात दिला हे कबूल, पण टायर म्हणजे आमच्याच बाजूचा माणूस. स्टुअर्टची ख्याती होती ती मऊ हातापायांची. पसरणी घाट उतरताना दुसऱ्या गिअरला एसटी अशी आणणारे ड्रायव्हर मी लहानपणी पाहिलेत, की मागच्या बाकावर झोपलेलं पोर वाईपर्यंत कूस बदलायचं नाही.

आणि 1953. भारताला 1983 तसं आम्हा ब्रेकवाल्यांना 1953. त्या वर्षी ल मान्सच्या चोवीस तासांत जॅग्वारच्या सी-टाइप गाड्यांना डनलपचे डिस्क ब्रेक होते. समोर मोठ्या इंजिनाच्या फेरारी होत्या, पण ड्रमवर थांबणाऱ्या. सहा किलोमीटरच्या सरळीच्या शेवटी फेरारीचा ड्रायव्हर ब्रेक मारायचा तेव्हा जॅग्वारवाला अजून दाबतच असायचा. जॅग्वार पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. तो फोटो माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला आहे. बाहेर साईबाबा.

भाच्याचा परवा फोन आला. त्याला इंजिनात चिप बसवून तीनशे चाळीस घोडे करायचेत, ते काही डोक्यातून गेलेलं नाही. पण आधी पॅड बदलले, ऑइल बदललं, आणि दोन दिवसांच्या शिकवणीचे पैसे भरले. "मामा, कॅलिपर कुठले घेऊ?" असं त्यानं विचारलं तेव्हा मी स्पीकर चालू केला, कारण साडू घरी आले होते.

असो. तुम्ही ट्रॅकवर जा किंवा नका जाऊ, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमच्या गाडीचं शेवटचं कधी बदललं होतं?