पालमचा पास्तेकरी

मराठवाड्यात वारकरी, माळकरी, टाळकरी ही मंडळी पूर्वापार आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांत पास्तेकऱ्याची भर पडली आहे. तो परभणीत भेटतो, गंगाखेडला भेटतो. पण अस्सल नमुना पाहायचा तर पालमसारख्या तालुक्याच्या गावीच पाहावा, कारण पुण्यात जो रविवारचा विरंगुळा असतो त्याचे इथे व्रत होते. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. शिक्षण पुण्याला; नोकरी हिंजवडीची, पण लॅपटॉप उघडतो तो पालमच्या माडीवर. नाहीतर मग वडिलांच्या कृषी सेवा केंद्रात गल्ल्यावर बसलेला असतो. ‘येत्या रविवारी आपल्याकडे इटालियन डिनर’ असे तो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार दिवस आधी जाहीर करतो आणि वेळ साडेआठची देतो. पालममध्ये साडेआठला निम्म्या घरांची भांडी घासून झालेली असतात. पाकीट फोडून पास्ता उकळणाऱ्याला तो पंथात घेत नाही. पीठ स्वतः मळायचे, स्वतः लाटायचे, स्वतः कापायचे, हा त्याचा नेम. ऑलिव्ह तेल नांदेडहून येते, चीज कुरियरने येते, आणि भावकीत बोलणे सुरू होते की पोरगं पार साहेब झालं. त्याचे स्वतःचे मत असे की आपण पालमला इटली आणली. माझ्या मते भावकीही चुकते आणि तोही चुकतो. पास्तेकरी साहेब वगैरे काही झालेला नाही. तो त्याच्या घराण्यातला शेवयांना बसलेला पहिला पुरुष आहे. त्याच्यातले हसण्यासारखे जे काही आहे ते सगळे, ही गोष्ट त्याला ठाऊक नसण्यातून येते.

पुरावा त्याच्या परातीतच आहे. मैद्याचे आळे करून त्यात तो अंडी फोडतो, शंभर ग्रॅमला एक या हिशेबाने. मग घड्याळ लावून दहा मिनिटे मळतो, गोळ्यावर ओले फडके टाकतो आणि ‘आता याला अर्धा तास विश्रांती’ असे घरातल्या बायकांना समजावून सांगतो. या बायकांनी उभ्या जन्मात कणीक मुरायला ठेवल्याशिवाय पोळी लाटलेली नसते. आजी दारातून विचारते, “काय करायलास रे लेकरा? शेवया का?” तो म्हणतो, “नाही आजी, तालियातेल्ले.” आजी “बरं” म्हणते आणि तिथेच पाट ओढून बसते, तिच्या दृष्टीने प्रश्नाचे उत्तर होकारार्थी मिळालेले असते. तिच्या काळी गहू ओलवून, सावलीत सुकवून, दळून, वस्त्रगाळ करून सपीठ वेगळे आणि रवा वेगळा निघायचा. पीठ मळून तेलाच्या हाताने कुटायचे. बाजेला पाट तिरपा टेकवून एकीने वळायचे, दुसरीने सुटलेली तार हातावर झेलत झेलत वाळत घालायची. पुढे हाताने फिरवायचे यंत्र आले, ते बाकड्याच्या कडेला स्क्रूने आवळायचे. पास्तेकऱ्याने मागवलेले चकचकीत यंत्रही असेच कडेला आवळायचे असते. फक्त ते कडाप्प्याच्या जाड ओट्याला बसत नाही. म्हणून शेवटी ते त्याच जुन्या बाकड्याला लागते. लाकडाच्या कडेवर जुन्या स्क्रूचा खड्डा असतो, आणि नवा स्क्रू बरोबर त्यात बसतो.

कोणी म्हणेल, पीठ सगळीकडे सारखेच मळले जाते, त्यात विशेष काय? तर आकार पाहावेत. वळवट ज्यांनी पाहिले आहे त्यांना इटलीचे नवल वाटू नये. बोटांच्या चिमटीत वळलेले तांदळाएवढे गव्हले असतात. इटलीत त्याच घाटाचा ऑर्झो मिळतो. नखाने दाबलेले नखुले असतात. बारी शहराच्या जुन्या गल्ल्यांत बायका घराबाहेर टेबल मांडून सुरीने आणि अंगठ्याने कानाच्या आकाराचे ओरेकिएत्ते दाबतात आणि जाळीच्या ट्रेवर वाळत घालतात. फणीवर दाबून रेघा उठवलेले फणोले आपल्याकडे आहेत, तर रोमान्यात गार्गानेल्लीवर रेघा उठवायला फणीसारखेच लाकडी साधन लागते. काडीला पीठ गुंडाळून केलेले सरगुंडे आमरसात पडतात. सिसिलीत काडीलाच गुंडाळून बुझियाते होतात. सोऱ्यातून कुरडई पडते, व्हेनिसच्या बाजूला पितळी दाबयंत्रातून बिगोली पडतात. एवढे झाल्यावर फरक उरतो तो नोंदीचा. बोलोन्याच्या व्यापार मंडळात 16 एप्रिल 1972 रोजी तालियातेल्लेचे माप रीतसर दाखल झाले: शिजलेली पट्टी 8 मिलिमीटर रुंद, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. (त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झाले, नखुल्याचे माप तिथे कोणी दाखल केल्याचे ऐकिवात नाही.) आपल्या मापांची तपासणी रुखवताच्या ताटात, विहीणबाईंच्या नजरेने व्हायची. ती मिलिमीटरपेक्षा कडक होती, पण कागदावर आली नाही. पास्तेकऱ्याचा विश्वास कागदावर, म्हणून तो पट्टी घेऊन तालियातेल्ले मोजतो.

आता आक्षेप. पहिला काकांचा: माळकऱ्याच्या घरात अंडे! हा आक्षेप इटलीनेच निकालात काढला आहे. अंड्याचा पास्ता मुख्यतः उत्तरेचा. दक्षिणेत तो बक्षी गव्हाच्या जातीचा रवा आणि पाणी एवढ्यावर होतो. वाळवलेला पास्ता बक्षी गव्हाचाच हवा असा इटलीत 1967 पासून कायदाच आहे. बक्षीचा दाणा कडक, त्याचा रवा चांगला पडतो, रंग पिवळसर येतो आणि शिजल्यावर गिचका होत नाही. आपल्या बायका शेवया-कुरडयांना हाच गहू शोधत, तो याच गुणांसाठी. निफाडच्या संशोधन केंद्राचा पंचवटी हा वाण याच जातीचा. वडिलांच्या दुकानात अशा बियाण्याच्या पिशव्यांची थप्पी असते आणि मुलगा तिच्यावर टेकून इटालियन रव्याची ऑनलाइन ऑर्डर देत असतो. दुसरा आक्षेप: आपल्या शेवया गोड, खिरीतल्या नाहीतर शीरखुर्म्यातल्या, त्यांची पास्त्याशी सोयरीक कशी जुळणार? जुळते. काही शतकांपूर्वी इटलीतले श्रीमंत लोक पास्त्यावर साखर आणि दालचिनी घालून खात. ज्या टोमॅटोवाचून पास्तेकऱ्याचे पान हलत नाही, तो तिथे अमेरिकेतून सोळाव्या शतकात आला आणि पास्त्यावर पडायला त्याला आणखी दोनेकशे वर्षे लागली. तिसरा आक्षेप आजोबांचा, आणि तो वजनदार आहे: आपला मुलूख ज्वारीचा, गव्हाचे हे लाड कशाला? खरे आहे. ज्वारीच्या पिठाला तार सुटत नाही, भाकरीलाही कढत पाण्याचा हात लागतो. पास्तेकऱ्याने एकदा ज्वारीचा पास्ता करून पाहिलेला असतो आणि त्याचे पिठले झालेले असते. पण गहू सणाचा होता म्हणूनच शेवया मानाच्या ठरल्या. पाहुण्यासाठी कष्टाचे काही करायचे तर गव्हाचे करायचे, हा रिवाज याच मुलखाचा आहे आणि पास्तेकरी तो नकळत पाळतो.

नकळत म्हणण्याचे कारण, त्याला वरणफळे आवडत नाहीत. ताजी कणीक लाटून, शंकरपाळ्यासारखी कापून, तुरीच्या वरणात शिजवून, वर तुपाची धार. याला पास्ता म्हणत नाहीत तर काय म्हणतात? दक्षिण इटलीत हरभऱ्यांबरोबर शिजवलेल्या रुंद पट्ट्या आजही ‘लागाने’ म्हणून खातात. लागाना आणि हरभरे हे आपले रात्रीचे जेवण असल्याचे रोमन कवी होरेस दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेला. आईने मंगळवारी वरणफळे केली की पास्तेकरी म्हणतो, “आज पण हेच का?” आणि रविवारी तोच पदार्थ वरणाऐवजी क्रीममध्ये बुडवून वाढतो. बेसिलचीही तीच गत. कुरियरने वाळका पाला येतो, त्यात आगपेटीतल्या काड्यांचा वास. ताजा हवा म्हणून अंगणातल्या वृंदावनाकडे हात गेला तर आई ओरडते, “रविवारी तुळस तोडतात का रे?” इटालियन बेसिल हे सब्जाचे झाड. उन्हाळ्यात सरबतात घालतो तो सब्जा मूठभर कुंडीत टाकला तर महिन्याभरात इटली उगवते. पण जे किराणा दुकानात सुटे मिळते ते आयात कसे असेल, ही त्याची अडचण.

हा सगळा दिखावा आहे, असा एक आरोप उरतोच. आहे. ताटाचा फोटो आधी, घास मागून. पण रुखवत म्हणजे तरी काय होते? दिखाव्याने जर कला बाटत असेल तर वळवट कधीच बाटले. मला यापेक्षा दुसरी गोष्ट खटकते. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसला, ही कथा सातशे वर्षे सांगितली जाते. त्यानंतर या टापूत घरच्या पिठाला हात लावणारा पुरुष म्हणजे हा पास्तेकरीच. आचारी पुरुष असतात, मान्य. पण ते पंगतीला, मजुरी घेऊन. आणि विठ्ठलाने जात्याजवळचा फोटो टाकला नव्हता. वैशाखात पारा 43 वर असताना पायलीपायलीने शेवया झाल्या, गच्चीवर कुरडया पडल्या, त्याला घरात ‘उन्हाळी कामं’ एवढेच नाव होते आणि त्यातले आभार फक्त कावळे हाकलणाऱ्या पोरांना मिळत, चिकाच्या वाटीच्या रूपाने. तेच काम सहा ताटांपुरते, पंख्याखाली, परक्या नावाने एका पुरुषाने केले की त्याला छंद म्हणतात आणि मावशी-काकू व्हॉट्सअॅपवर टाळ्या पाठवतात. बचत गटाच्या प्रदर्शनात हातशेवयांचा भाव ऐकून “मावशी, जरा जास्त वाटतंय” म्हणणारा हाच गडी, आणि इटलीच्या पाकिटावरची किंमत पाहून “हँडमेड आहे, एवढी असणारच” म्हणणाराही हाच. तरी बसला तर आहे बाकड्याशी. वडील इतकी वर्षे त्या बाकड्यावर फक्त चहा घेत आले.

साडेआठचे डिनर सव्वानऊला लागते. तालियातेल्ले खरोखर चांगले झालेले असतात, हेही सांगितले पाहिजे. ताजा पास्ता उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत होतो आणि तेवढा वेळ तो पातेल्यापासून हलत नाही. काका दोन घास खाऊन शेंगदाण्याची चटणी मागतात, आजोबा ‘मऊ आहे’ म्हणून पसंतीची मान हलवतात, आजी वाटीत थोडे वेगळे काढून त्यावर दूध-साखर घालते आणि संपवते. नंतर ओट्यावर परात, चाळणी, तीन पातेली, क्रीमचे वाळलेले ओघळ आणि भिंतीपर्यंत उडालेला मैदा. पास्तेकरी मऊ ब्रश घेऊन यंत्राचे रूळ झाडत बसतो, कारण त्या यंत्राला पाणी लावायचे नसते. माहितीपत्रकात तसे स्पष्ट छापलेले असते, आणि तो ते आईला वाचूनही दाखवतो. बाकीच्या भांड्यांबद्दल माहितीपत्रकात काही दिलेले नसल्यामुळे ती तिच्याकडे राहतात.