अप्पांचा आठ

विमान गेलं की माणसं आभाळाकडे बघतात. आमच्या सोसायटीतले अप्पा नंबराकडे बघतात. लोहगावहून सुखोई उठलं की पोरं कानांवर हात ठेवतात, गॅलरीतले वाळत घातलेले टॉवेल थरथरतात, आणि अप्पा डोळे बारीक करून पुटपुटतात, ‘एसबी... पुढचं दिसलं नाही!’ ही रुखरुख त्यांना रात्रीच्या आमटीभातापर्यंत पुरते.

अप्पा लढाऊ विमानांची मॉडेलं करतात असं लोक म्हणतात. ते खरं नाही. अप्पा डेकलं लावतात, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं आणि नंबर. मॉडेलवाल्यांत काहींना सुटे भाग चिकटवण्यात आनंद असतो, काहींना रंगवण्यात. तिसरी जात अप्पांची. त्यांच्या लेखी विमान म्हणजे नंबर चिकटवता यावेत म्हणून केलेली एक सोय. हंटर असेल तर नंबराआधी बीए, नॅट असेल तर आयई, जग्वार असेल तर जेएस आणि दोन बैठकांचं जग्वार असेल तर जेटी. राफेल आली तेव्हा सगळा देश त्यांच्या किमतीवर भांडत होता. अप्पा मात्र आरबी आणि बीएस ही अक्षरं भदौरिया आणि धनोआ या दोन हवाईदल प्रमुखांच्या नावांवरून घेतली, या बातमीनं आठवडाभर खूश होते. ही खोड विमानापाशी थांबत नाही. एसटीची नंबरपाटी वाचून ते गाडी दापोडीच्या वर्कशॉपात बांधली की चिकलठाण्याच्या, हे सांगतात. गाडी जाते कुठे, ते मात्र त्यांना कंडक्टरला विचारावं लागतं.

अप्पांचं बहुतेक आयुष्य केशरी रंगात गेलं आहे. आपल्या हवाई दलाच्या विमानांवर १९५० पासून केशरी, पांढरं, हिरवं वर्तुळ आहे, हिरवा ठिपका मधोमध. परदेशी किटांमध्ये हा केशरी कधी लाल छापून येतो, कधी संत्र्याच्या सालीसारखा. ‘हा नारंगी झाला. तो शेंदरी. हा तर भगवाच!’ असं करत अप्पा एकदा डेकलचा कागद घेऊन लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात शिरले. तासाभरात चाळीस साड्या उलगडायला लावल्या आणि ‘पाच मिलिमीटर पुरे होता’ म्हणून बाहेर पडले. काकू तेव्हापासून त्या दुकानासमोरून जाताना पदर तोंडावर घेतात.

वर्तुळाचा इतिहासही ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या विमानांच्या वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकावा लागला, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि धांदलीत आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडतील अशी धास्ती होती. ‘नुसत्या टिकलीपायी जीव जायची वेळ!’ असं म्हणून ते काकूंकडे बघतात. काकू बघत नाहीत.

जुन्या किटांची डेकलं पिवळी पडतात. त्यावर उपाय ऊन. कागद पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवायचा, पिवळेपणा उडतो. आमच्याकडे हे काम एप्रिल-मे महिन्यात, पापड-कुरडयांच्या मुहूर्तावर चालतं. एका वर्षी काकूंनी त्यातला एक कागद उचलून विचारलं, ‘हे तळायचे का?’ अप्पा दोन दिवस बोलले नाहीत. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे ते दोन दिवस फार छान गेले.

सध्या मिग-२१ चालू आहे. ओझरच्या कारखान्यात बनलेलं, म्हणजे एका अर्थानं नाशिकचं विमान. १९७१ च्या युद्धाच्या वेळी यातल्या बऱ्याच चकचकीत विमानांवर स्क्वाड्रनमध्येच घाईघाईनं, मिळेल तसा हिरवा-तपकिरी रंग फासला होता. एकसारखी दोन दिसायची नाहीत. अप्पा ती घाई गेले तीन महिने करताहेत. एक फटकारा जरा नीटस आला की खरवडून काढतात. ‘इतका सावकाश कोण मारेल रे? लढाई चालू आहे!’ असं ते स्वतःलाच दटावतात.

एका संध्याकाळी डेकल लावायला त्यांनी मला मदतीला घेतलं. मदत म्हणजे श्वास रोखून बसणं. आधी चकचकीत वार्निशचा थर, कारण खडबडीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि ते चांदीसारखं चमकतं. मग बशीत कोमट पाणी, चिमटा, भिंग. १:७२ च्या मापात मिगचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर. खऱ्या विमानावरचं एक इंचाचं ‘इथे पाय देऊ नका’ इथे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं होतं. ते वाचता येत नाही, पण उलटं लागलं तर अप्पांना झोप येत नाही.

वर्तुळ घसरत घसरत जागेवर बसलं. अप्पांनी डेकल मऊ करणारा द्राव ब्रशनं वर लावला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिरंगी वर्तुळ दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं. मी बोट पुढे केलं. ‘हात लावलास तर याद राख!’ अप्पा ओरडले. दहा मिनिटांत सुरकुत्या मिटल्या, वर्तुळ पत्र्याच्या सांध्यांत असं मुरलं की रंगवल्यागत दिसू लागलं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. द्रावाच्या वासामुळे, असं ते म्हणाले.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा अप्पांनी टीव्हीसमोर उभं राहून सलाम केला. मग म्हणाले, ‘बरं झालं. आता नंबर बदलणार नाहीत.’

काम मात्र अडलं आहे ते नंबरापाशीच. शेवटचा आकडा तीन हवा आणि किटातला तीन चिमट्यातून उडून गेला. घर झाडून झालं, काकूंची पिशवी उलटी करून झाली. यावर तोड म्हणजे इंग्रजी आठची डावी बाजू पात्यानं छाटायची, तीन तयार. अप्पांनी तीन आठ छाटले. तिन्ही वाया गेले. एकच उरला आहे आणि अप्पांचा हात आताशा थोडा थरथरतो. कुणाच्या जुन्या किटात तीन मिलिमीटर उंचीचा काळा इंग्रजी तीन पडून असेल, तर कृपा करून आणून द्या. बेल दुपारी चार ते सहाच्या मध्ये वाजवू नका. त्या वेळी त्यांच्या हातात पातं असतं.