जिल्ह्यापेक्षा थोरली जीप

नंदुरबार जिल्ह्यातल्या खांडबाऱ्यात एखाद्या जीपने निळा धूर सोडला, की स्टेशनकडच्या चहाच्या टपरीवर तातडीची बैठक भरते. विषय एकच: इंजिन खोलायचं की नाही? ज्याच्याकडे फक्त सायकल आहे त्याचं मत सर्वांत आधी येतं, कारण त्याला खर्च नाही. एक म्हणतो, "रिंगा गेल्या." दुसरा म्हणतो, "डिझेलच खराब आहे." तिसरा धूर हुंगून गंभीर होतो आणि चहा मागवतो. मालकाच्या खात्यावर.

जीपही साधी नाही. पाटीवर अजून धुळ्याचा एमएच-१८. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा १ जुलै १९९८ रोजी झाला आणि त्याला एमएच-३९ मिळाला. म्हणजे आमची जीप जिल्ह्यापेक्षा वयाने थोरली. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात बघून वय सांगणारे जाणकार असतात, पण या जीपच्या मीटरपुढे तेही हात टेकतील. पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर आलं, मग केबल तुटली. कागदोपत्री गाडी तरुणच आहे.

मालकाचा हिशेब तर अर्थमंत्र्यांना शिकवावा असा. आठवड्याला ऑइलचा डबा ओतला जातो, तो खर्च नव्हे. तो 'थोडं टाकलं'. डिझेल जास्त जातं, तेही खर्च नव्हे. रस्ते खराब आहेत. खर्च म्हणजे मिस्त्री एका कागदावर एकदम लिहून देतो तो. गेली काही वर्षं थोडं-थोडं टाकून दोन इंजिनांचे पैसे गेले असतील, पण ते कागदावर नाहीत, म्हणून गेलेच नाहीत. मध्यंतरी जीपला नवा रंग आणि नवा हॉर्न मात्र बसला. धूर निघतोच आहे, तर निदान रंगीत गाडीतून निघावा.

शेवटी मिस्त्री ते अमर वाक्य उच्चारतो: "भाऊ, खोलल्याशिवाय सांगता येत नाही." खोलल्यावर तो सगळं सांगतो. रिंगांपासून सुरुवात होते. मग लायनर घासलेले निघतात, मग क्रँक लेथवर जातो, हेड फेसिंगला जातं, आणि पंप-नोझल कशाला मागे राहतील? 'हाफ इंजिन' म्हणून घेतलेलं काम 'फुल' होतं. तोवर इंजिन तीन घमेल्यांत असतं. दुसऱ्या मिस्त्रीकडे घमेली चालवत नेता येत नाहीत. पिस्टन आणायला मालक रेल्वेने सुरतेला जातो.

सरकारचं बरं आहे. १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालत नाही. म्हणजे साहेबांची गाडी इंजिन ठणठणीत असतानाही भंगारात जाऊ शकते. आपल्या गाडीला निवृत्तीचं वय नाही, फक्त फी आहे: २० वर्षांवरच्या चारचाकीची नोंदणी पुढे न्यायला ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये ठरले. बैठकीत हा आकडा कोणी काढत नाही. इंजिनाचा खर्च धरताना तो आधी मांडायचा असतो, एवढं सांगणारा माणूस त्या दिवशी नेमका गावाला गेलेला असतो.

आता जरा गाडीचं ऐकू. सकाळी सुरू करताना भपकन निळा धूर आला आणि नंतर साफ झाला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. ते काम त्या मानाने स्वस्त. चांदसैलीचा घाट चढताना सतत निळा धूर आणि ऑइलचं झाकण काढताच जोरात वाफारा, तर रिंगा-लायनर. पांढरा धूर आणि ऑइलला दुधाळ रंग, तर पाणी आत शिरतंय. हेड गॅस्केट बघा. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर आणि नोझल, इंजिन नंतर.

आणि खोलायच्या आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. गेज नोझलच्या किंवा हीटर प्लगच्या जागी बसतो, चारही सिलिंडरचे आकडे मिळतात. सगळे खाली असतील तर फुल काम. शेजारचे दोनच खाली असतील तर बहुधा गॅस्केट. ते आकडे मिस्त्रीकडून लिहून घ्या, दर ठरवा, जुने पिस्टन परत मागा. मग जो आकडा येईल तो गाडीच्या बाजारभावापेक्षा मोठा असेल, तर विकून टाका. फक्त गिऱ्हाईक आलं की ऑइलचं झाकण तुम्हीच उघडून दाखवा.