श्री. कंत्राटराव यांस खुले पत्र

प्रति,
श्री. कंत्राटराव,
मुक्काम पोस्ट : कुठलीही महानगरपालिका



शहर साफ ठेवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य, असे १८८८ चा मुंबई महापालिका कायदा सांगतो. कर्तव्य पालिकेचे, पण ते करणारे कितीतरी हात पालिकेचे नाहीत, ही किमया मात्र आपलीच. अभिनंदन!

१९७० चा कंत्राटी कामगार कायदा तेव्हा २० माणसांपासून लागू होत असे, हे आपण नेमके हेरलेत. मुंबईच्या कचऱ्याची कामे अशी तुकड्या-तुकड्यांनी वाटलीत की कुठल्याच कंत्राटदाराकडे २० डोकी भरू नयेत. पुढे कंत्राटदाराची ‘संस्था’ झाली, कामगाराचा ‘स्वयंसेवक’ आणि पगाराचे ‘मानधन’. हौसेखातर सडका कचरा खोऱ्याने गाडीत भरणारे इतके समाजसेवक या शहरात आहेत, हे आम्हां करदात्यांना ठाऊकच नव्हते.

एकाच वॉर्डात दोन झाडू चालतात. एकामागे प्रॉव्हिडंट फंड, भरपगारी रजा आणि लाड-पागे समितीच्या कृपेने वारसाला नोकरी. दुसऱ्यामागे फक्त मुकादम. त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढेच वाक्य पाठ.

मध्यंतरी आपल्याला जरा त्रास झाला. कचरा वाहतूक श्रमिक संघ २७०० कामगारांसाठी भांडला. त्यांना कायम करा, असे औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये सांगितले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. पण पालिकेतले साहेबलोक आपल्याच तालमीतले. ते नावांची स्पेलिंगे तपासायला बसले! कचरा उचलायला लावताना नाव कसेही चालले, कायम करताना मात्र एका अक्षराचीही गय नाही. दरम्यान कायद्यातला २० चा आकडाही ५० वर गेला; आता माणसे मोजताना आपली दमछाक व्हायची नाही.

एकच विनंती. झाडूवाल्यापाशी अडकलेली ही सुधारणा जरा वरच्या मजल्यावरही जाऊ द्या. निविदा काढा आणि सर्वांत स्वस्त पडेल तो आयुक्त नेमा. खातेप्रमुख ४९-४९ च्या तुकड्यांत घ्या, दर अकरा महिन्यांनी ब्रेक द्या, पेन्शनऐवजी प्रशस्तिपत्र द्या. त्यामुळे कारभार सुधारला, तर झाडूवाल्याची समजूत आम्ही घालू.

आणि वरच्या मजल्यावर हे जमणार नसेल, तर का जमणार नाही, ते सहीशिक्क्यानिशी लेखी कळवा. झाडूवाल्याच्या अर्जाला तोच कागद जोडू.

आपला,
एक कायमस्वरूपी करदाता